मिस्त्रींच्या परसातली भट्टी

मित्रांनो, मी परसाच्या कोपऱ्यात पत्र्याखाली बसलेली एक जुनी भट्टी आहे. जन्माने मी रंगाचा रिकामा डबा. कारखान्यातून निवृत्त झालेल्या मिस्त्रींनी मला आतून माती-वाळूचा जाड थर दिला, बुडाशी भोक पाडून पाइप बसवला आणि वारा घालायला बायकोचा केस वाळवायचा पंखा जोडला. बाई कुरकुरल्या, पण त्यांनी तो दिला.

कारणही बाईंचंच होतं. त्यांच्या चाकाच्या खुर्चीची पाय ठेवायची पट्टी तुटली होती आणि तसा भाग आता कुठेच मिळत नव्हता. मिस्त्रींनी माझ्या पोटात कोळसा पेटवला, मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, ॲल्युमिनियमची जुनी झाकणं वितळवली आणि तो रस वाळूच्या साच्यात ओतला. पहिली पट्टी वाकडी आली, दुसरीची चाळण झाली. तिसरीवर बाईंनी पाय ठेवले आणि कितीतरी वेळ काढलेच नाहीत. मग शेजारपाजारचे लोक तुटक्या मुठी, कड्या घेऊन येऊ लागले. माझा ऊर भरून यायचा.

एका रविवारी जावई आले. त्यांनाही धातू वितळवायची हौस आली. नळाखाली विसळलेला ॲल्युमिनियमचा एक डबा त्यांनी चिमट्यात धरला. त्याच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं. तापल्या रसात पाणी गेलं की क्षणात वाफ होते आणि रस उसळतो, हे मला ठाऊक होतं. पण मला तोंड आहे ते जाळ ओकायला, बोलायला नाही. डबा मुशीत पडला. मिस्त्री वाकून पाहत होते.

त्यांचा एक डोळा गेला. दुसऱ्याला फक्त उजेड कळतो.

त्यानंतर मला कुणी पेटवलं नाही. वरचा पत्रा गळू लागला, पावसात माझी माती भिजली, तडे गेले. मिस्त्री अजून येतात, तडे बोटांनी चाचपतात आणि ओल्या मातीने लिंपतात. परवा बाई खुर्चीची चाकं हातांनी फिरवत त्यांच्याजवळ आल्या.

"अहो, डबा ओला होता. मी पाहिलं होतं. जावयाला कसं टोकायचं, म्हणून बोलले नाही."

मिस्त्रींचा हात थांबला.

"मीही पाहिलं होतं," ते म्हणाले.

मित्रांनो, वितळलेल्या धातूजवळ पाण्याचा थेंबही येऊ देऊ नका. येताना दिसलाच, तर समोर कोण आहे हे न बघता ओरडा. मला ते जमण्यासारखं नव्हतं. त्या दोघांना जमलं असतं.