पाच नावांची जमीन

बायको सरस्वतीला जाऊन चार महिने झाले होते. तिचं मासिक श्राद्ध उरकून दामाजी ओट्यावर बसला होता, तेव्हा पंचांच्या जागेत मोजणीवाले साखळी ओढताना दिसले. रस्त्याचं काही सरकारी काम असेल, असं वाटून तो उठून गेला. मोजणीवाल्याने सरळ सांगितलं, की जागा ठाण्याच्या एका शेठने घेतली. पाच नावांपैकी चार नावांचं खरेदीखत झालं आहे, पाचवा कोणी दामाजी गणपत राहिला आहे. "कुठं राहतो तो, ठाऊक आहे का?" असं त्याने दामाजीलाच विचारलं.

शीळफाट्यावरून कल्याणकडे येताना आत वळलं की हे गाव लागतं. गावाला लागून असलेली ही दोन एकर जागा आजोबांच्या काळापासून गावकीची. ज्याच्या घरात नव्या जोडप्याला खोली नाही, त्याला गावकी तिथे जागा द्यायची. नारळ फोडायचा, चार कोपऱ्यांना चार दगड ठेवायचे, झालं. घर बांधणाऱ्याचं, जमीन गावाची. गाव सोडून कोणी गेला तर लाकूड-कौलांचे पैसे गावकी द्यायची आणि घर पुढच्या गरजवंताला मिळायचं. जमीन कोणी विकायची नाही. अशी अकरा घरं तिथे उभी होती. कल्याण-डोंबिवलीत खोली घ्यायची ऐपत त्यातल्या एकाचीही नव्हती.

चूक बासष्ट सालची. कागदावर नावं लागतील असं तलाठ्याने सांगितलं, म्हणून गावाने पाच पंचांची नावं दिली. ही नावं गावाकरता आहेत, एवढं लिहून घ्यायचं कोणाला सुचलं नाही. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट लिहायची कशाला? पुढे पंच मेला की गाव देवळात बसून नवा पंच निवडायचं. तलाठ्याच्या दप्तरात मात्र मेलेल्याचा मुलगा चढायचा. गावाने निवडलेला पंच वेगळा आणि कागदावरचा मालक वेगळा, असं तीस वर्षं चाललं.

सरस्वतीला ते कळलं होतं. ती चौथी शिकलेली. नवऱ्याने टाकलेली बायजा गुरांच्या गोठ्यात राहत होती, तिला जागा द्या म्हणून गावकीत भांडलेली तीच. जागा जोडप्यालाच मिळते, असं पंच म्हणाले, तर ती म्हणाली, की मग एकटीने उघड्यावर झोपायचं काय? जागा मिळाली. त्यानंतर तिने ठाण्याला जाऊन चौकशी केली, ट्रस्ट नोंदवायचा कागद आणला आणि पाचही जणांच्या सह्या घे म्हणून दामाजीच्या हातात दिला.

दामाजीने तो ट्रंकेत ठेवला. पाचांपैकीच असलेल्या धोंडीबाकडे सही मागायची म्हणजे भावासारख्या माणसाला चोर म्हणायचं, असं त्याला वाटे. ती महिन्याकाठी विचारायची. तो म्हणायचा, बघू. दीड वर्ष तो बघतच राहिला. मग धोंडीबा गेला, त्याचा मुलगा नामा कागदावर आला. मग सरस्वती आजारी पडली आणि ठाण्याच्या दवाखान्यातून परत आलीच नाही.

मोजणीवाल्यांना सोडून दामाजी तडक नामाकडे गेला. नामा दाढी करत होता. नव्या पंख्याखाली, नव्या आरशासमोर.

"नामा, जागा गावाची हाय."

"काका, सातबारा काढून बघा. गाव कुठं लिवलंय?"

"तुझ्या बापाला इचारलं असतंस तर त्यानं तुला जोड्यानं मारला असता."

"बाप मेला. मी वारस." नामाने वस्तरा पुसला. "आणि काकीनं कागद आणलेला ना? तवा तुमी का नाय केलात? आता आमाला शिकवायला आलाय."

 दामाजी परत निघाला. तीन आठवड्यांपूर्वी नामाच्या बहिणीची हळद झाली होती. सात बकरे पडले होते. एवढा पैसा आला कुठून, हे कोणी विचारलं नव्हतं. पांढऱ्या सफारीतला एक माणूस खुर्चीवर बसला होता. नामाने पाहुणे म्हणून ओळख करून दिली आणि दामाजीने त्याला हात जोडले होते. मटण दोनदा वाढून घेतलं होतं. बायको जाऊन चार महिने झाले नव्हते आणि तो तिने जपू पाहिलेल्या जागेच्या पैशाचं हाड चोखत बसला होता. गटाराकडेला वाकून तो ओकला. बाहेर पाण्याशिवाय काही आलं नाही.

ठाण्यात टेंभी नाक्याजवळ एक वकील बसत. ते म्हणाले, दावा होईल. जागा आपल्याला गावाने दिली, असं त्या अकरा घरांपैकी निदान पाच जणांनी लिहून दिलं पाहिजे. जुनी वहिवाट दाखवता आली, तर कोर्ट ऐकेल.

दामाजी घरोघर फिरला. ज्यांच्या घरांसाठी त्याने स्वतः नारळ फोडला होता, ती माणसं आता खाली बघून बोलत होती. शेठने प्रत्येकाला इमारतीत एक खोली कबूल केली होती. दगडू म्हणाला, गावदेवीला पण संगमरवर बसवणार आहेत, तुम्ही खोडा घालू नका. हौसाबाईने चहा दिला, गोड बोलली आणि सही मात्र मुलाला विचारून देते म्हणाली. मुलगा मागच्या दाराने निघून गेलेला दामाजीने पाहिला होता. तिच्या सुनेला नवी खोली कधी मिळणार, ते तिने दोनदा विचारलं. पुढच्या वर्षी धाकट्याचं लग्न झाल्यावर त्याने राहायचं कुठे, हे दामाजीने विचारलं तर ती म्हणाली, ज्याचं त्याने बघावं.

हे ऐकून त्याला तिच्या चहाची किळस आली. कप तसाच ठेवून तो उठला.

मग तो बायजाकडे गेला. ती हात धुऊन आली आणि वकिलांनी सांगितलं होतं तिथे अंगठा उठवला. "मला पण खोली देतो बोलला तो," ती म्हणाली. "मी बोलले, मला घर हाय."

त्यानंतर शेठचा माणूस दामाजीच्या पाचव्या हिश्श्यासाठी तीनदा येऊन गेला. दामाजीने सही दिली नाही. पण एक हिस्सा अडवून गाव वाचत नाही, हे वकिलांनी त्याला स्पष्ट सांगितलं आहे. दावा अजून दाखल झालेला नाही. पाच जबाब हवेत, एक आहे. चार मिळायचे आहेत.