नाकावर दोन, कपाळावर चार

मी एक जुनी पट्टी आहे, मित्रांनो. बोटाएवढी, पारदर्शक, पाठीवर फिकट ते गडद अशा पाच पिवळ्या रेघा असलेली. १९८३ साली साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये काशीराम मिस्त्रींनी मला ॲक्रिलिकच्या तुकड्यातून कापले. रेघांच्या छटा जुळेपर्यंत त्यांनी सात वेळा रंग पुसून पुन्हा लावला.

बोरिवलीच्या एका प्रसूतिगृहात मी कामाला लागले. नवजात बाळांना कावीळ होते. बहुतेकांची आपोआप उतरते, पण फार चढली तर मेंदूला इजा होते. सुगंधा सिस्टर मला खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, बाळाच्या नाकाच्या शेंड्यावर हलकेच दाबत. दाबाने तिथले रक्त बाजूला सरे आणि त्वचेचा पिवळेपणा उघडा पडे. तो ज्या क्रमांकाच्या रेघेशी जुळे, तो बाळाचा आकडा. तीन किंवा जास्त आला, तरच टाचेतून रक्त घ्यायचे. कितीतरी टाचा मी सुईपासून वाचवल्या, असे मला वाटे.

एकदा खाडीपलीकडच्या गोराईहून आलेल्या ज्युलियाची मुलगी चार भरली. रक्त तपासून तिला कावीळ उतरवणाऱ्या निळ्या दिव्यांखाली ठेवले, डोळे आणि कपाळ झाकणारे काळे कापड बांधून. तिसऱ्या सकाळी मी नाकावर दोन दाखवले. सासूबाई एमिलिया पिशवी भरून तयारच होत्या.

"दोन आला ना? चल गं ज्युलिया, बोट सुटेल."

"थांबा मावशी, कापड तर काढू दे," सिस्टर म्हणाल्या. कापड निघाले. त्याखालचे कपाळ अजून पिवळेच होते. त्यांनी मला तिथे टेकवले. चार.

"जिथे दिव्याचा उजेड पडला तिथलाच पिवळेपणा गेलाय. आता रक्तच बघायला हवं."

"परत सुई? मग तुझी ही पट्टी काय शोभेला ठेवलीस?"

"खाडीपलीकडे हिची कावीळ चढली तर मला कोण सांगणार, मावशी? काय शिव्या द्यायच्या त्या इथेच द्या."

ज्युलियाने मुलीची टाच पुढे केली. "घ्या सिस्टर."

रक्तातली कावीळ खरोखरच चढलेली होती. मुलगी आणखी तीन दिवस राहिली आणि रक्ताचा रिपोर्ट चांगला आल्यावरच घरी गेली. पुढच्या आठवड्यात एमिलिया सुके बोंबील घेऊन आल्या. "हे तुला हं, पट्टीला नाही. तिने फसवलंच असतं."

मला राग आला नाही. मी फक्त त्वचा पाहू शकते. तिच्या आतले मला विचारून चालत नाही, हे सिस्टरांना माहीत होते, म्हणून एक मूल वाचले. त्यांची आणि रक्ताच्या त्या चार थेंबांची मी ऋणी आहे.

काही वर्षांनी खिडकीतल्या उन्हाने माझे रंग उडाले. दोनच्या बाळाला मी तीन म्हणू लागले, बाळांना उगाच सुया बसू लागल्या. सिस्टरांनी मला नव्या पट्टीशेजारी धरून पाहिले आणि कागदात गुंडाळून वर लिहिले, 'वापरू नये'.

मित्रांनो, मोजायच्या वस्तू उन्हापासून जपा, अधूनमधून तपासा. आणि एखादी चुकू लागली, तर तिला थांबवा. मला वेळेवर थांबवले, याहून मोठी माया माझ्यावर कुणी केली नाही.