भाजून ठेवलेलं बेसन

मनोरमाबाईंना म्हातारी म्हटलेलं चालायचं, पण त्यांचे लाडू खवट आहेत असं म्हणायची कोणाची छाती नव्हती. मराठी मंडळाचे अध्यक्ष मनोहरराव मात्र बोलले, आणि तेही नेहरू नगरच्या हॉलमध्ये, भर बैठकीत.

“काकू, राग मानू नका. कोविडनंतर तुम्हाला वास येत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. यंदा दिवाळीचे लाडू बाहेरून मागवू.”

“बाहेरून?” बाई ताडकन उठल्या. “चार इमलीसारख्या साहेबी वस्तीतल्या बंगल्यात बसून कधी एक तरी लाडू वळलाय का हो? माझं बेसन खवट आहे, हे आधी सिद्ध करा!”

नवऱ्याच्या नोकरीपायी ह्या हिंदी मुलखातल्या शहरात, सोनागिरीत आल्या, तेव्हापासून मंडळाची कढई त्यांचीच. आता नवरा नाही, नाक गेलेलं. कढईही गेली तर उरलं काय? टीव्ही आणि गोळ्या!

दिवाळी आली की बदलीवर आलेल्या बायका नागपूर-पुण्याला माहेरी पळायच्या, मदतीला हात मिळायचे नाहीत. म्हणून बाई उन्हाळ्यातच बेसन तुपात भाजून डब्यात भरून ठेवायच्या. ऐनवेळी साखर घातली की काम झालं. नाक शाबूत होतं तोवर वास घेऊन बिघडलेला डबा त्या बिनदिक्कत फेकून द्यायच्या.

नात श्रुती इथेच खाद्यपदार्थांच्या रसायनावर संशोधन करत होती. ती डब्यातलं बेसन तपासायला निघाली, तेव्हा बाईही चपला घालून तयार. “माझ्या माघारी माझ्या बेसनाचा निकाल लागायचा नाही!”

प्रयोगशाळेतल्या काळ्या पेटीत दोन नळ्या होत्या. एकीत सकाळीच भाजलेलं बेसन, दुसरीत उन्हाळ्यातलं. डाळ तीच, तूप तेच. श्रुतीने जांभळा दिवा लावला. ताजं जेमतेम उजळलं. उन्हाळ्यातलं मात्र निळसर पांढरं झगमगलं.

“आजी, देख ना. हवा आणि उष्णता लागून तूप बिघडतं. मग ते डाळीतल्या प्रोटीनला चिकटतं, आणि त्यातून हे चमकणारं काहीतरी तयार होतं.”

“तुझा दिवा चुकत असेल.”

“मी चाखलंय, आजी. खवट आहे. मागच्या वर्षीही होतं.”

“मग तेव्हा का नाही बोललीस?”

“तुला वाईट वाटेल म्हणून.” श्रुतीने मान खाली घातली.

बाईंचा चेहरा लालबुंद झाला. “म्हणजे सगळ्यांनी माझी कीव करत ते लाडू गिळले! अगं, मी काय काचेची आहे?” डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पदराने खसकन पुसलं.

पुढच्या बैठकीत त्यांनी डबा सगळ्यांसमोर कचऱ्यात रिकामा केला. “खवट होतं. चूक माझी.”

मनोहररावांनी सुटकेचा निःश्वास टाकला. “मग ठरलं काकू, बाहेरून...”

“काही ठरलेलं नाही! बेसन बिघडलं, माझे हात नाहीत बिघडले. यंदा बेसन ताजं भाजायचं. ज्यांना माहेरी जायचंय त्यांनी लाडू वळून मग गाडीत बसायचं. आणि खवट लागलं तर माझ्या तोंडावर सांगायचं. कीव करून खाणाऱ्याला एकही लाडू मिळणार नाही.” बाईंनी पदर खोचला. “मनोहरराव, तुमचं नाक धड आहे ना? मग चला, कढईपाशी उभे राहा!”