गलबताची गाठ

तिसऱ्यांदा पाळण्याचा दोर सुटलेला सुनिताला दिसला. नशीब, तीन महिन्यांची संस्कृती कडेवर होती.

"गाठ मारली कुणी?" सासूनं, वत्सलाबाईनं विचारलं.

"तुमच्याच लेकानं, आत्या. ऊसतोडीला जायच्या आदल्या दिवशी. उसाच्या गाडीला मारतात तीच. दोर तुटंल पण गाठ सुटणार न्हाई म्हणले. तवापास्नं मी बी तशीच मारते."

"मग भूतच सोडतंय. त्याला म्हणावं, रिकामंच हाईस तर भांडी बी घास."

सुनिताला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पाळण्यात नुसती गोधडी ठेवून ती दाराआड थांबली.

आले ते तिचे सासरे, रामहरीमामा. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस स्टुलावर चढला आणि दातांनी गाठ सोडवू लागला.

"मामा! लेकरू पडलं असतं ना!"

"लेकरू असल्यावर सोडीन का मी?" म्हातारा खाली उतरला. "पर ही गाठ नको, पोरी. ही वेळेला सुटत न्हाई."

बहात्तरच्या दुष्काळात मामा हे घाटावरचं पाली गाव सोडून कोकणात गेले होते, गलबतावर खलाशी होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मंगळूरला कौलं भरायची, वाऱ्याच्या भरवशावर मुंबई गाठायची. वारा पडला की आठ-आठ दिवस एकाच जागी तरंगत. आपल्याला किती ओकाऱ्या झाल्या, हे ते हसत हसत सांगायचे. बरोबरच्या जुन्या खलाशाचं, इसाकचं मात्र कधी सांगितलं नव्हतं. ते आज सांगितलं.

"मला पोटाशी धरून काम शिकवलं त्यानं. पर सवय हाताची. शिडाचा दोर मी आपल्या गाडीच्या गाठीनं बांधला. वावटळ आली. आमचा म्होरक्या तांडेल वरडला, शीड खाली घ्या! गाठ भिजून दगड झालती. गलबत कलंडाय लागलं. इसाकनं सुरा घेतला, दोर कापला. शिडाचा वासा धाडकन आला आन् त्याला घेऊन पाण्यात गेला."

"कुणी काही म्हणलं न्हाई?"

"दोर फुगला म्हणले सगळे. मी बी तेच म्हणलो." मामा दोराकडं बघत होते. "मग मालट्रका वाढल्या, इंजिनाची जहाजं आली. आमच्या गलबताला कौलं मिळंनात. खाडीच्या चिखलात दोन वर्षं उभं राहिलं, मग सरपणाला गेलं. तांडेलबी गेला. आता ती गाठ कुणाची, हे मलाच ठाऊक. आन् इसाकला."

न सुटणाऱ्या गाठीची मामांना धास्ती, सुटणाऱ्या गाठीची सुनिताला. लेकरू मात्र एकच.

"त्यानं शिकवलेली येती का तुमाला?"

मामांनी दोर हातात घेतला. गाठ बसली. सुनितानं पाळण्यात आधी जोंधळ्याचं पोतं ठेवलं, मग स्वतः दोराला लोंबकळली. गाठ हलली नाही. मामांनी मोकळं टोक नुसतं ओढलं, तशी ती अलगद सुटली. त्यांनी पुन्हा बांधली.

संस्कृती झोपली. मामा लोंबतं टोक न ओढता नुसतं मुठीत धरून बाकावर बसले.

"टोक सोडा आता, जेवून घ्या."

"बसू दे थोडं."

मग त्यांनी धोतराचा सोगा आवरला आणि जुन्या सोबत्याला जागा द्यावी तसे बाजूला सरकले. सुनिता ताट घेऊन आली, ती बाकावरच्या त्या मोकळ्या जागेला वळसा घालूनच.