उलटी टांगलेली कोरफड

योगेंद्र सचिन गावातल्या एका रंगकारखान्यात प्रयोगशाळेत होता. त्यामुळे देवाकडून राहून गेलेली कामं आपल्यालाच पुरी करायची आहेत, असा त्याचा समज होता. कारखान्यातून आणलेल्या रसायनाला तो औषध म्हणे. शोभेच्या कोरफडीचं बी त्यात भिजवलं की बीच्या पोटातली घडण बिघडते आणि एखादं रोप नव्याच जातीचं निघतं, हे त्याने बायकोला, उज्ज्वलाला, लग्नाच्या वाढदिवशी समजावून सांगितलं. औषधाने बरं होतं, याने बिघडतं, मग हे औषध कसलं, एवढंच तिने विचारलं. त्या औषधाची बाटली फ्रिजमधल्या आलं-लसणाच्या वाटणाशेजारून हलवायला मात्र तिला माहेरी जायची धमकी द्यावी लागली.

बहुतेक रोपं कुजली, उरलेली खुरटली. एक तेवढं पांढऱ्या पट्ट्यांचं निघालं. योगेंद्र त्याच्याजवळ हळू आवाजात बोलू लागला. घरात कुणाशी तो असं बोलत नसे.

बुडाशी फुटणारी पिल्लंही पट्ट्यांचीच निघाली, तर ती नवी जात ठरणार होती. मग बारडोलीचे नर्सरीवाले छगनभाई ती योगेंद्रच्या नावाने विकणार होते. पिल्लं अजून मातीखालीच होती. पण प्लास्टिकच्या पट्टीवर 'योगेंद्र गौरव' असं छापून ती पट्टी रोपाला बांधूनही झाली होती.

रविवारी तो छगनभाईंना आणायला स्टेशनवर गेला. आदल्या दिवशी धुळ्याहून आलेली त्याची आई, धुरपदाबाई, गॅलरीत आली आणि पांढरं पडलेलं रोप बघून हळहळली. घराला लागलेली नजर बिचारीने अंगावर घेतली म्हणायची! गावाकडे कोरफड दारावर उलटी टांगतात. ती मातीवाचून जगते आणि नजर खाते. म्हातारीने रोप उपटलं, मुळं छाटली आणि लिंबू-मिरच्यांसकट चौकटीला टांगलं. उज्ज्वला बघत होती. सांगायला हवं होतं. तिने चहाचं आधण ठेवलं.

दारात आल्यावर योगेंद्रचा चेहराही रोपासारखाच पांढरा पडला. आईला तो नको नको ते बोलला. छगनभाईंनी मात्र मान वर करून बूड न्याहाळलं. तिथे तीन पिल्लं होती. तिन्ही हिरवीगार.

"भाई, आ तो सादी छे," ते म्हणाले.

उपटल्यामुळे रंग उडाला, असं योगेंद्र म्हणाला. तासाभरात रंग उडत नाही, हे त्या दारात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

धुरपदाबाईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "देख भाऊ, पिल्लं हिरवीगार शेतस. दुखनं मायलेच व्हतं."

उज्ज्वला चहा गाळायच्या निमित्ताने आत गेली आणि पदर तोंडात धरून हसली.

जाताना छगनभाईंनी आपल्या दाराला टांगायला एक पिल्लू मागून नेलं. सोमवारी बाटली कारखान्यात परत गेली. टांगलेली कोरफड अमावस्येआधी उतरवू नये, असं म्हातारीने बजावलंय. ती पट्टीही तशीच आहे. येणारा-जाणारा मान वाकडी करून ती वाचतो आणि उज्ज्वलाला विचारतो, हे गौरव कोण?

घरातलेच आहेत, ती म्हणते.