मेन्नाच्या वह्या

एबेची बायको मेन्ना मूळची वेल्सची. पत्रकारिता ती कॉलेजात शिकलीच नव्हती. सतराव्या वर्षी एका साप्ताहिकात उमेदवारीला लागली, आणि तिथल्या म्हाताऱ्या संपादकाने सहा महिने तिला नुसतं कोर्टात बसवलं. कानावर पडेल ते सगळं टिपायचं. संध्याकाळी शॉर्टहँड घोटायचं. एबे मात्र इथल्या, डेन्मार्कमधल्या ऑर्हुसच्या पत्रकारितेच्या शाळेत तयार झालेला. त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, बातमी नेमकी कशाची ते आधी ठरवा, बाकीचं सोडून द्या.

हा एवढा फरक दोघांना पंचेचाळीस वर्षं भांडायला पुरला.

भांडणातसुद्धा मेन्ना वही काढायची. चार दिवसांनी एबे म्हणाला, "मी असं बोललोच नव्हतो," की पान काढून धडाधड वाचून दाखवायची.

"तुझ्या त्या शॉर्टहँडच्या किड्यामुंग्या मला कुठे वाचता येतात? मनाला येईल ते वाचत असशील!"

"मग शिकून घे की."

"आमच्याकडे टेपरेकॉर्डर वापरतात."

"भांडताना लावतोस का तो?"



मेन्ना गेली त्याला दोन वर्षं झाली. वह्या कपाटात तशाच होत्या. मार्चमध्ये शाळेने एबेला जुन्या दिवसांबद्दल बोलायला बोलावलं. सगळी मुलं लॅपटॉप उघडून बसलेली; एकच मुलगी मांडीवरच्या वहीत भराभरा लिहीत होती. एबे बोलता बोलता तिच्याजवळ गेला आणि वहीत डोकावला. तसल्याच किड्यामुंग्या!

मुलीचं नाव कॅरिस. वेल्समधल्या कार्डिफहून सहा महिने इथे शिकायला आलेली.

"तुमच्याकडे अजून शिकवतात हे?"

"शिकवतात? छळतात! मिनिटाला शंभर शब्द. दोनदा नापास झालेय मी."

एबेने तिला रविवारी जेवायलाच बोलावलं.

हेरिंग मासे आणि राय धान्याचा काळा पाव संपल्यावर त्याने हाताला लागली ती वही पुढे केली. ऑक्टोबर चौऱ्याऐंशी. कॅरिस अडखळत वाचू लागली.

"एबे : तुझी आई तीन आठवडे राहणार आणि माझ्या बियरच्या बाटल्या मोजणार! मी : ती मोजत नाही." कॅरिस थांबली. "पुढे कंसात लिहिलंय, 'मोजते. मीही मोजते.'"

एबे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "शब्दन्‌शब्द खरा आहे गं! पुढे?"

"एबे दार आपटून गेला. वीस मिनिटांनी आला. आईसाठी क्रीमची पेस्ट्री आणली. काही बोलला नाही. मीही नाही."

एबेला दार आपटलेलं आठवत होतं. पेस्ट्री मुळीच आठवत नव्हती. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला.

"थांबू का?" कॅरिसने हळूच विचारलं.

"छे, छे. वाच तू. मी कॉफी टाकतो."

मग ती दर रविवारी येत राहिली. जूनमध्ये परत निघाली तेव्हा चार वह्या उरल्या होत्या.

"बरोबर नेऊ? वाचून, टाइप करून पाठवते."

"नको," एबे म्हणाला. "पुढच्या वर्षी तुमच्याकडून कोणीतरी येईलच की."