पाल्यातले टाको

डॉक्टरीणबाईंनी तोरिबियोचे कागद चाळले, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "जेवणात टोर्टिया किती असतात?"

"दोन," तोरिबियो नम्रपणे म्हणाला.

ओफेलिया शेजारच्याच खुर्चीत बसली होती. चाळीस वर्षं ती या माणसासाठी मक्याचं पीठ मळून टोर्टिया थापत आली होती. दोन हा आकडा तिने त्या घरात फक्त तान्ह्या लेकरांच्या बाबतीत ऐकला होता. पण नवऱ्याची अब्रू परक्या बाईपुढे काढू नये एवढं वळण तिला होतं. घरी आल्यावर काढली.

गंमत म्हणजे साखर उतरायच्या ऐवजी चढली होती. तीन महिने बिचारा रोज चारच्या ठोक्याला चालायला जात होता. ऊन असो, समुद्राकडून येणारं धुकं असो, खाडा म्हणून नाही. ओफेलियाने त्याला पांढरेशुभ्र बूट घेऊन दिले होते, आणि तो इतका जपून चालायचा की तीन महिन्यांनीही बुटांच्या तळांना धूळ लागली नव्हती. तिला त्याच्या टापटिपीचं कौतुकच वाटायचं.

सान होजेहून लेकीचा, यादिराचा फोन आला. लेक ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर, त्यामुळे आईला स्वयंपाक शिकवायचा अधिकार तिच्याकडे आपोआपच आलेला.

"आई, अगदी सोप्पं आहे. टाको तेच, फक्त टोर्टियाच्या जागी लेट्यूसचं पान. डुकराच्या मटणाऐवजी टर्कीचा खिमा. साय नाही, दही. एकदम हलकं! रविवारी मीच येते. चेलोआत्यालाही बोलव, सगळ्यांनी मिळून खाल्लं की बाबांना एकटं वाटणार नाही."

"टाकोतून टोर्टिया काढली, मटण काढलं, साय काढली," ओफेलिया म्हणाली. "मग टाको कुठे राहिला, बाळ? नुसता नावात?"

"आई!"

"ये ये. मी कुठे नको म्हणतेय."

तोरिबियोने ही बातमी ऐकली तेव्हा तो खुर्चीत बसून गुडघ्याला मलम चोळत होता. सॅलिनासच्या शिवारात चौतीस वर्षं त्याने लेट्यूस कापलं होतं. आधी हातात सुरी घेऊन, मग शेवटची काही वर्षं टोळीचा मुकादम म्हणून. पहाटे धुक्यात कंबरेत वाकायचं ते दुपारी सरळ व्हायचं, आणि पुढेपुढे तर तेही पूर्ण जमेना. एवढ्या वर्षांत त्याने किती गड्डे कापले असतील याचा हिशेब त्याची कंबरच जाणे. पण घरात लेट्यूस कधी आणलं नव्हतं. कुणी ताटात वाढलं तर बोटाने बाजूला सारायचा.

"लेट्यूस म्हणजे काय माहितेय का?" तो म्हणाला. "शहाण्या लोकांनी गिऱ्हाइकाला पाणी विकायची काढलेली युक्ती. मी ते त्यांच्यासाठी कापलं. खायची बोली नव्हती."

"आता बोली बदलली," ओफेलिया म्हणाली.

रविवारी दुपारी यादिरा आली ती दोन पिशव्या घेऊन. एकीतून टर्कीचा खिमा, दही, अवोकाडो आणि दगडासारखे तीन लेट्यूसचे गड्डे निघाले. दुसरीतून निघालं मसाल्याचं एक पाकीट. पाकिटावर मोठी टोपी घातलेला, मिशीवाला एक माणूस हसत होता आणि खाली लिहिलं होतं, 'अस्सल मेक्सिकन चव'.

ओफेलियाने पाकीट हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, चष्मा लावून मागचं बारीक वाचलं.

"बरं झालं आणलंस. मेक्सिकोतून, मिचोआकानहून निघताना माझी चव तिकडेच राहिली होती वाटतं."

"आई, वेळ वाचतो म्हणून आणलं."

"वाचू दे. वाचलेला वेळ घेऊन बाहेर जाऊन बस."

पाकीट खिडकीपाशी त्या मिशीवाल्यासकट उभं राहिलं, आणि ओफेलियाने सुक्या मिरच्या तव्यावर टाकल्या. मिरची फुगली, तिचा ठसका घरभर फिरला. लसूण, कांदा, जिरं, टोमॅटो. त्यात खिमा पडला. टर्की म्हणजे मुळात ज्याला स्वतःचं मत नाही असं मटण. ओफेलियाने त्याला आपलं मत दिलं. पंधरा मिनिटांत त्याचा रंग असा झाला की शेजारचं कुत्रं कुंपणापाशी येऊन बसलं.

गाडं अडलं पानांपाशी. यादिरा सिंकपाशी उभी राहून गड्ड्याची पानं सोलत होती, आणि प्रत्येक पान तिच्या हातात चार तुकड्यांत येत होतं. एक गड्डा संपला. परडीत बकऱ्यांना घालायच्या चाऱ्यासारखा ढीग झाला. दुसऱ्याचीही तीच गत होऊ लागली. तोरिबियो दारात येऊन कधी उभा राहिला ते दोघींना कळलंच नाही.

"हा गड्डा कुणी आणला?"

"मी, बाबा. चांगला घट्ट बघून आणला."

"घट्ट! माझ्या पोटची पोर, आणि पानांच्या वाट्या काढायला घट्ट गड्डा आणते." त्याने तिसरा गड्डा उचलला, उलटा करून देठ बघितला. "आणि हा कापलाय कुणी? लाल पडलाय बघ. तीन दिवसांचा तरी आहे. माझ्या टोळीत असं कुणी कापलं असतं तर त्याला मी शाळेत पाठवला असता."

"तुम्हाला खायचंच नाही ना, मग तुम्हाला काय करायचंय?" यादिरा म्हणाली.

"खायचं नाही म्हणून काय डोळ्यांदेखत खून बघायचा?"

तो चाव्या घेऊन बाहेर पडला. वीस मिनिटांनी परत आला तो चार हलके, सैल गड्डे घेऊन. दुकानातल्या पोरीने त्याला टोकलं होतं म्हणे, की काका, किती चिवडताय. त्याने तिला लेट्यूसवर व्याख्यान दिलं होतं, आणि तिने ऐकूनही घेतलं होतं, कारण मागे रांग नव्हती.

मग त्याने बाह्या सरसावल्या. गड्डा देठाकडून ओट्यावर एकदा दाणकन आपटला. देठ पिरगाळून बुचासारखा बाहेर काढला. त्या भोकात नळाची बारीक धार सोडली. पाणी आत शिरलं आणि पानं एकमेकांपासून आपोआप सुटू लागली. अंगठ्याने हलकेच लोटून त्याने पहिलं पान काढलं. अख्खं, वाटीसारखं, कुठे चीर नाही. मग दुसरं, तिसरं. बर्फाच्या पाण्यात बुडवून फडक्यावर पालथी घातली. बाजूच्या कडा कात्रीने गोल केल्या. लेक आणि आई एकमेकींकडे बघत राहिल्या. ज्या भाजीचं नाव काढलं की हा माणूस तोंड वाकडं करायचा, तिची पानं तो आता तान्ह्या बाळाला अंघोळ घालावी तशी हाताळत होता.

"असं बघू नका," तो म्हणाला. "सवय आहे हाताला. प्रेम नाही."

सहाला चेलो आली. तोरिबियोची ही थोरली बहीण चार घरं सोडून राहायची. विधवा, धडधाकट, आणि कुणाच्याही घरी जाताना आपला मोठा आवाज बरोबर घेऊन जाणारी. टेबलावर मधोमध खिमा, भोवती शिजवलेले काळे घेवडे, अवोकाडो, कांदा-कोथिंबीर, सालसा, दही, आणि परातीत हिरव्या वाट्यांचा डोंगर.

"अगं बाई," चेलो बसता बसता म्हणाली. "ससे कधी येणार आहेत?"

"एक आलाय, ताई," ओफेलिया म्हणाली. "घ्या."

पहिला घास चेलोच्या बाहीवर गेला. दुसरा तोंडात. तिने चावला, थांबली, पुन्हा चावला. "खिमा चांगला झालाय," ती कबुली दिल्यासारखी म्हणाली. "पण वहिनी, खरं सांगू? हा छळ आहे. रोज दुपारी माझ्याकडे लोणी लावून चार-चार गरम टोर्टिया खाणारा माणूस, त्याच्यापुढे रविवारी पाला?"

तोरिबियो आपल्या पानातला घेवडा मोजू लागला.

"रोज?" ओफेलियाने विचारलं. आवाज अगदी गोड होता.

"रोजच की. चारला. अगं, तूच तर पाठवतेस ना? तो म्हणाला, ओफेलियाचे हात दुखतात, तिच्याने आता थापवत नाही, वाईट वाटेल म्हणून तिच्यापुढे विषय काढू नकोस. मी म्हटलं, चालेल बाबा, भाऊ आहेस, मी थापते."

"हात दुखतात," ओफेलिया म्हणाली. "माझे."

"आई," यादिरा हळूच म्हणाली.

ओफेलिया उठली. आत जाऊन तिने पीठ भिजवलं. भिंतीपलीकडून थापण्याचा आवाज आला, तव्याचा वास आला. कुणी जेवत नव्हतं. थोड्या वेळाने ती चार टोर्टिया घेऊन बाहेर आली आणि ताटली तोरिबियोपुढे ठेवली.

"खा. चार केव्हाच वाजून गेलेत. उपाशी असशील."

तो ताटलीकडे बघत राहिला. हात मांडीवरच.

"खा ना! बघ, हात दुखत नाहीत माझे. साखरेपायी निकानोरचा पाय कापला तेव्हा त्याची जखम दोन वर्षं मी याच हातांनी धुतली. सख्खा भाऊ होता माझा. तुझी धुवायला मी नाही म्हणेन असं तुला वाटत असेल, म्हणून आत्ताच सांगते. नाही धुणार. ताईंकडे जा. लोणी लावून धुतील त्या."

चेलोने पाण्याचा अख्खा पेला तोंडाला लावला.

"मी खोटं बोललो," तोरिबियो म्हणाला. "शेतात दुपारी तू दिलेलं फडकं सोडायचो. टोर्टिया अजून कोमट असायच्या. दिवसभरात तेवढंच एक माझं असायचं, बाकी सगळं मालकाचं. तेही सोडा म्हटल्यावर... जमलं नाही मला."

ओफेलियाचे डोळे भरून आले, पण ती एवढ्यावर सोडणारी बाई नव्हती.

"मग ती माझ्या हातची खायची होतीस! खोटं बोलून खायची तर निदान माझी तरी चोरून खायचीस. ताईंच्या खायला गेलास? त्या जाड असतात!"

"जाड?" चेलोला वाचा फुटली. "माझ्या टोर्टिया जाड?"

"घोंगडीसारख्या," तोरिबियो पुटपुटला.

"तीन महिने गिळताना सांगायचं होतंस, मेल्या!"

यादिरा हसायला लागली आणि तिला थांबता येईना. मग ओफेलियालाही आवरेना. चेलो तेवढी रागावून बसली होती. तिने एक टोर्टिया उचलली, उजेडात धरून बघितली, आणि खाऊन टाकली.

तह त्याच टेबलावर झाला. दुपारी एक टोर्टिया, ओफेलियाच्या हातची, राजरोस. रात्री पानं, आणि ती तोरिबियोने स्वतः आणायची, स्वतः काढायची, कारण यादिराच्या हातचा संहार पुन्हा बघायची त्याची तयारी नव्हती. उरलेल्या तीन टोर्टिया यादिराने खाल्ल्या. हलकं जेवण शिकवायला आलेल्या पोरीला प्रवासाची भूक लागली होती म्हणे.

आणि तोरिबियोने नंतर पानातले सात टाको खाल्ले. सात. ओफेलियाने मोजले, आणि सोडून दिले. पाल्याचे कुणी मोजतं का?

सोमवारी चार वाजता तो बूट घालून दाराशी आला, तर ओफेलिया आधीच फाटकापाशी उभी. दोघं चेलोच्या घरावरून गेले, थांबले नाहीत, आणि कालव्यापर्यंत चालत गेले. तिथवर पोचताना तोरिबियोला धाप लागली. तो कठड्याला टेकला. पलीकडच्या रानात नवी टोळी वाकून लेट्यूस कापत होती.

"कसं कापतायत?" ओफेलियाने विचारलं.

तो जरा वेळ बघत राहिला. "तो लाल टोपीवाला बरा आहे," म्हणाला. "बाकीचे शिकतील."